वाढीव पाटा

लॉरीच्या कमानींच्या कामात कमानदादांचा हात धरणारा माणूस शहरात नव्हता, आणि हे त्यांना कोणी सांगायची गरजही नव्हती. कमान म्हणजे चाकावर एकावर एक रचून आवळलेले वाकडे लोखंडी पाटे. खड्ड्याचा दणका त्यांनी खायचा आणि वरच्या मालाला पत्ता लागू द्यायचा नाही. लॉरी एका अंगाला कलली की ड्रायव्हर ती थेट दादांच्या शेडपुढे आणून उभी करायचा. दादा हातातला चहाचा कप खाली न ठेवता लांबूनच एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "एक पाटा वाढव." पाटा वाढवला की लॉरी सरळ. सगळं आयुष्य त्यांनी या एका वाक्यावर काढलं आणि ते वाक्य कधी खोटं पडलं नाही. मला विचाराल तर तिथेच घोटाळा झाला. निदान एकदा तरी ते तोंडावर पडले असते, तर पुढचं कदाचित टळलं असतं.

निवृत्त झाल्यावर कामगारांची खोली सोडावी लागली, तेव्हा दादांनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. जीपच्या मागे हुकाला अडकवून ओढायचं चाकांवरचं घर. आत एक पलंग, एक ओटा, भिंतीवर चार कपाटं आणि अंग चोरून वळण्याइतकी मोकळी जागा. त्यांच्या मुलानं पहिल्याच दिवशी तिला "डबा" म्हटलं, तेव्हापासून ती डबाच झाली. उन्हाळ्यात डबा डोंगरावरच्या कॅराव्हॅनांच्या तळावर राहायचा आणि थंडी पडायच्या आत खाली उबदार गावात यायचा. हे खाली येणं हौसेचं नव्हतं. दादांच्या बायकोला, म्हणजे तळावरच्या सगळ्यांच्या काकूंना, दमा होता. थंडी वाढली की त्यांचा श्वास शिट्टी वाजवायला लागायचा आणि दादांना काही सुचेनासं व्हायचं.

घर म्हटलं की सामान वाढतंच. काकूंची शिलाईची मशीन आली, पाण्याची टाकी मोठी झाली, दादांच्या हत्यारांची पेटी तर जन्माची सोबतीण. डबा मागून बसला आणि चाकं मडगार्डला घासायला लागली. दादांनी लांबूनच बघितलं आणि आपलं वाक्य म्हटलं. जुन्या ओळखीच्या दुकानातून लॉरीचे चांगले जाड पाटे आणले, दोन्ही बाजूंच्या कमानींत एकेक चढवला, आणि डबा नव्या नवरीसारखा ताठ उभा राहिला.

डोंगराची एक खेप चढून-उतरून झाल्यावर मुलगा भेटायला आला होता. तो फरशी बसवायचं काम करायचा. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा, बापाच्या अगदी उलट. तो टॉर्च घेऊन डब्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. दादांनी त्याच्या बुटाला पाय लावून विचारलं, "काय रे, झोपलास की काय खाली?" तो बाहेर आला, पाठीवरची माती झटकली आणि आईला म्हणाला, "आई, तुला आत छानपैकी फरशी घालून देऊ का? ते प्लास्टिक कुबट वास मारतंय."

दादा हसून हसून बेजार झाले. चाकांवर फरशी! पण काकूंचा चेहरा असा काही फुलला की त्यांचं हसू विरून गेलं. मुलानं दादांना मुद्दाम गावात काहीबाही आणायला पिटाळलं आणि एकट्यानं काम उरकलं. फरश्या ठिकठिकाणच्या कामांवर उरलेल्या, म्हणून एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. निळी एका डॉक्टरीणबाईंच्या न्हाणीघरातली, करडी बँकेच्या जिन्यातली, पिवळसर कुठल्याशा नटाच्या स्वयंपाकघरातली. "आई, तू आता अर्ध्या शहराच्या बंगल्यांतून अनवाणी हिंडतेस," तो म्हणाला. काकूंनी त्या दिवसापासून आत चपला घातल्या नाहीत.

पुढे तो गेला. फरशी कापताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं छातीत साठली होती. खोकला, मग ताप, मग दवाखाना, मग संपलंच. त्यावर जास्त काय लिहायचं? तरणाताठा मुलगा डोळ्यांदेखत वाळत गेला आणि आईबाप बघत राहिले. काकू त्यानंतर रोज सकाळी ओल्या फडक्यानं फरशी पुसायच्या. एकेक तुकडा, कडेकडेनं, सावकाश. दादा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहायचे. त्यांना ते बघवायचं नाही.

यंदा डोंगरावर डब्याचं दार अडकायला लागलं. खांदा लावल्याशिवाय उघडेना. खिडकीच्या कोपऱ्यात पत्र्याला चीर गेली आणि मागचा भाग पुन्हा खाली झुकला. दादांनी चाकं बघितली, कमानी बघितल्या. कमानी ठणठणीत होत्या. मग दोष वजनाचा, दुसरं काय असणार? आणि वजन कशाचं, तेही उघडच होतं.

"फरशी काढावी लागेल," ते म्हणाले.

"मशीन विका," काकू म्हणाल्या. "टाकी काढा. माझी कपाटं काढा. फरशीला हात लावायचा नाही."

मशीन गेली, टाकी गेली. दार काही मोकळं होईना. दादांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काकू ढिम्म हलल्या नाहीत. आयुष्यभर नवऱ्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई या एका गोष्टीवर अडून बसली. इकडे सकाळी गवतावर बर्फ दिसायला लागलं. शेजारच्या कॅराव्हॅना एकेक करून उतरल्या, तळाच्या रखवालदारानं पाण्याचे नळ बंद करायची भाषा सुरू केली, आणि काकूंच्या छातीतली शिट्टी दिवसाही ऐकू यायला लागली. एका दुपारी खोकल्याची उबळ थांबल्यावर त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काढा. पण मी आत असताना नको."

त्या घडीची खुर्ची घेऊन डब्याकडे पाठ करून लांब जाऊन बसल्या. दादांनी छिन्नी-हातोडा घेतला. आधी त्यांनी जपून सुरुवात केली. फरश्या अख्ख्या निघाल्या तर पोत्यात भरून ठेवू, असं त्यांच्या मनात होतं. पण एकही अख्खी निघेना. मुलानं काम असं पक्कं केलं होतं की प्रत्येक फरशी फुटूनच सुटली. डॉक्टरीणबाईंची निळी फुटली, बँकेची करडी फुटली. दादा तरीही फोडत राहिले, कारण अर्धवट सोडलं असतं तर पुन्हा हातोडा उचलवला नसता.

फरशीखाली जाड प्लायचा तक्ता निघाला आणि तक्त्याखाली दोन्ही कडांना लांबच लांब लोखंडी पट्ट्या, खालच्या चासीला, म्हणजे सगळा डबा ज्यावर उभा त्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनी आवळलेल्या. दादांना त्या परिस्थितीतही राग आला. "फरशी घालतोय की हत्ती बांधतोय?" ते पुटपुटले. उगाच केवढं लोखंड वाहत होतो आपण! त्यांनी ग्राइंडर लावला, बोल्टची डोकी उडवली, पट्ट्या उपटून बाहेर फेकल्या. डबा आतून हलका, उघडाबोडका झाला. काकू परत आल्या, दारातूनच आत बघितलं आणि बऱ्याच वेळानं चपला घालून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा हुकाला लावून ते निघाले. उताराच्या रस्त्यावर, एका साध्या वळणावर, खड्डा म्हणावा असा खड्डाही नसताना मागून एक आवाज आला. असा आवाज दादांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. ते उतरून मागे गेले. चाकं जागच्या जागी होती, कमानी जागच्या जागी होत्या. चाकांच्या मागचा अर्धा डबा मात्र खाली घडी पडून रस्त्याला टेकला होता.

एका मोठ्या ट्रकवर चढवून डबा खालच्या गावातल्या वेल्डरबाईंच्या शेडमध्ये आणला. बाई चाळिशीच्या, हातांवर ठिणग्यांचे डाग, बोलायला मोकळ्या. दादांचं नाव ऐकून त्यांनी मुखवटा वर केला. "कमानदादा? अहो, तुमच्या हातच्या लॉऱ्या अजून पळतायत. तुम्हाला मी काय सांगणार?"

"बघा तरी," दादा म्हणाले.

बाई डब्याखाली शिरल्या, मग त्यांनी दादांनाही खाली बोलावलं. दोघं पाठीवर पडले. बाईंनी टॉर्च मारला. चासी फाटली होती, बरोबर तिथे, जिथे कमानीचं मागचं टोक तिला अडकवलेलं होतं. दोन्ही बाजूंना तिथेच.

"लॉरीची चासी म्हणजे जाड पोलाद," बाई म्हणाल्या. "ही नुसती पत्रा दुमडून केलेली. कमान मऊ असली तर दणके कमान खाते. तुम्ही पाटा वाढवलात, कमान वाकेनाशी झाली, मग दणके चासीला बसायला लागले. फटीच्या आत गंज बघा किती आहे. ही आजची नाही, पाटा चढवला तेव्हापासूनची आहे."

दादांनी हात वर करून फटीतला गंज नखानं खरवडला.

"मला कळत नाही ते निराळंच," बाई म्हणाल्या. "एवढी जुनी फट, मग ती इतके दिवस टिकली कशी?" त्यांनी टॉर्च सरकवला. फटीच्या पुढे आणि मागे चासीत ओळीनं भोकं होती. "इथे पट्टी होती. दोन्ही बाजूंना. कोणीतरी वरून पट्ट्या टाकून, तक्ता टाकून सगळं एकत्र आवळलं होतं. फार नेटकं काम आहे हो. ते काढलं कोणी?"

दादा तसेच पडून राहिले. वर फाटलेला पत्रा होता, भोकं होती, आणि भोकांतून डब्याच्या आतला उजेड दिसत होता. त्यांना एकदम सगळं कळलं. मुलानं खाली टॉर्च लावून काय बघितलं, बाहेर येऊन तोंड का उघडलं नाही, बापाला गावात का पिटाळलं, सगळं. बाईंनी विचारलं, "दादा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "दुरुस्त होईल?"

"पट्ट्या असताना आणला असतात तर केला असता," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता वेल्डिंग मारलं तर शेजारी फाटेल. हा भंगारात काढा."

काकू शेडच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. दादांनी शेजारी बसून सांगितलं, की डबा गेला. काकूंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. मी हट्ट धरून बसले. तुम्ही म्हणालात तेव्हाच फरशी काढू दिली असती, तर वाचला असता डबा."

गप्प बसणं सोपं होतं. बायकोच्या डोक्यावर ते ओझं राहिलं असतं आणि कमानदादांचं वाक्य शाबूत राहिलं असतं. खोटं कशाला सांगू, एक क्षणभर ते खरंच गप्प बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटा, फट, पट्ट्या, बोल्ट. काहीही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "त्या फरशीनंच डबा धरून ठेवला होता. मी ती फोडली."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "म्हणजे ती फरशी राहिली असती?"

"राहिली असती."

शेडमध्ये बाईंनी दुसरं काम सुरू केलं होतं. ठिणग्यांचा उजेड दारातून बाहेर येत होता आणि विझत होता.

"एका शब्दानं सांगायचं ना त्यानं मला," दादा म्हणाले. "बापाला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

दादांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग खरं तेच म्हणाले, "नाही."

"आणि मला सांगितलं असतं, तर मी तुम्हाला विचारायला आले असते," काकू म्हणाल्या. "म्हणजे घरात त्याला सांगायला कोणीच नव्हतं."