टिटवीच्या गोष्टीतला गँगमन

"समग्र म्हंजे माणूस मेल्यावर काढतेत नं वो? मेला तं आनंदराव. मी तं इथं मुगवड्या टाकून राहिलो."

फोनच्या पलीकडं नागपूरच्या वंदनाताई होत्या. त्या लहान पोरांची पुस्तकं छापतात आणि संघमित्राबाईंची सगळी पुस्तकं त्यांनीच काढलेली. संघमित्राबाई भिलाईत हुडको वसाहतीतल्या घरी गच्चीवर बसून होत्या, एक हात डाळीच्या वाटणात, दुसऱ्या हाती फोन. आमच्या मुलखात बायाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. ज्याला खटकत असेल त्यानं आपले कान धुऊन यावे.

"तसं नाही हो," वंदनाताई म्हणाल्या. "नव्या तीन गोष्टी वाचल्या मी. स्वच्छ आहेत, कुठं चूक नाही. पण..."

"पण काय? बोल. मी रडत नाई."

"पण त्यात काही होतच नाही. टिटवी रुळांमध्ये अंडी घालते, रूळ तपासणारा गँगमन येतो, अंडी उचलून बाजूला ठेवतो, टिटवी खूश. हे कोणीही लिहील. म्हणून म्हटलं, जुन्याच गोष्टी एकत्र करू. 'समग्र संघमित्रा'. दिवाळीआधी निघेल. तोवर तुमच्याकडून नवं काही आलं तर बघू."

"बरं."

फोन ठेवला तेव्हा त्याच्या काचेवर डाळ लागली होती. ती तिथंच वाळली.

ही बाई भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडची. लग्न होऊन भिलाईतल्याच मरोद्याच्या क्वार्टरात आली आणि तिथल्याच बालवाडीत लागली. पोट्टे घरी मराठी बोलत आणि गल्लीत हिंदी, तेव्हा त्यांना बसवून ठेवायचं तर गोष्टच सांगावी लागे. सांगता सांगता लिहू लागली. नवरा आनंदराव पोलादाच्या प्लांटात होता, मोठ्या आवाजाच्या मशिनीवर. कानात घालायला बूच मिळत, पण ते तो खिशात ठेवी. "कान बंद केल्यावर दोस्त काय शिव्या देते ते कसं समजन?" असं त्याचं म्हणणं. पुढं शिव्याही समजेनाशा झाल्या. ऐकायची मशीन पोरानं आणून दिली, तीही खिशात.

तर संघमित्राबाई गोष्ट लिहून झाली की संध्याकाळी आनंदरावाला वाचून दाखवी. वाचून कसली, ओरडून. आख्ख्या गल्लीला ऐकू जाई, ज्याच्यासाठी वाचायची त्याला सोडून.

"नदीत होती एक मगर!"

"मग?"

"मगर!"

"अवो मग काय झालं ते तं सांग!"

"मगर! मगर!"

"हे बाई मगच्या पुढं जातच नाई," आनंदराव खिडकीतून शेजाऱ्याला सांगे.

त्यातून ती मगर निघाली, जी नाव सांगायला तोंड उघडते आणि आख्खी नदी तिला 'मग?' विचारते. बिचारीला रोज काहीतरी रचून सांगावं लागतं. दुसऱ्या वेळी ती ओरडली, "कोल्हा आला!" तर हा म्हणे, "कोळसा? आता कायले कोळसा? घरी गॅस हाय ना! पाठव त्याले वापस!" त्यातून निघाला वॅगनीतून पडलेला कोळशाचा खडा. तो दारोदार जातो आणि जो तो त्याला सांगतो, आमच्याकडं गॅस हाय बाप्पा, पुढं जा. ही गोष्ट तर शाळाशाळांतून पोट्ट्यांच्या तोंडी बसली.

आनंदरावानं आपण चुकीचं ऐकलं हे कधी कबूल केलं नाही. "तूच कोळसा म्हणाली," असं म्हणून तो चार-चार दिवस भांडे. एका सभेत कुणीतरी तिला विचारलं, इतकी कल्पना येते कुठून. ती म्हणाली, "घरवाल्याच्या कानातून." लोक खूप हसले. विनोद वाटला त्यांना.

आनंदराव गेल्या वर्षी पोळ्याच्या आधल्या दिवशी चहा पिता पिता गेला. बुद्धविहारातली माणसं आली, सगळं रीतसर झालं. संघमित्राबाई रडली नाही. बाया म्हणाल्या, धक्का बसला, येईल रडू. आलं नाही. महिनाभर ती सगळ्यांशी ओरडूनच बोले. भाजीवाला म्हणे, "माताजी, चिल्ला काहे रही हो?" मग आवाज आपोआप खाली आला, इतका की पावभर मिरच्या दोनदा मागाव्या लागत. कुणी म्हटलं घसा दाखव. "घशाले काई नाई झालं," ती म्हणाली. "त्याले कामच नाई."

उठायची, आंघोळ करायची, भात टाकायची, लिहायला बसायची. लिहिणं थांबलं नाही, तेच तर वाईट. टिटवी आली तर टिटवीच राहिली.

वंदनाताईंचा फोन आला त्या रविवारी राजदीप आला. हा तिचा पोरगा, रायपूरला रेल्वेत. त्यानं आईची नवी गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "छान आहे आई."

"काय छान हाय त्यात?"

"मतलब... अच्छी है."

मग त्यानं तिच्या फोनवर बोललं की आपोआप लिहिलं जातं ते चालू करून दिलं. ती फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, "टिटवी रुळावर बसली." फोननं लिहिलं, टीव्ही रुळावर बसली.

राजदीप उड्या मारायला लागला. "देख आई! बन गई गोष्ट! टीव्ही पटरी पे! बाबासारखंच ऐकते हा!"

ती त्या अक्षरांकडं पाहत राहिली. मग पुन्हा म्हणाली, "टीव्ही नाई म्हटलं म्या. टिटवी." फोननं बरोबर लिहिलं, टिटवी.

"पाहा," ती म्हणाली. "लगेच मानते. भांडत नाई हा. तुह्या बापानं चार दिवस टीव्हीच म्हटलं असतं."

राजदीपनं फोन खाली ठेवला. "तो फिर समग्रच काढू दे ना आई. बाबाचं भी नाव टाकू कव्हरवर."

"कायले? त्यानं तं एक बी गोष्ट धड ऐकली नाई."

पण हेच तिला आतून खात होतं. राजदीपला डबा बांधून देताना ती बोलली, तेही भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारावं तसं. "मगर त्याची, कोळसा त्याचा. समग्र निघालं तं झाकण बसलं. मंग त्यात माह्यं काय होतं, ते मले बी कधी समजाचं नाई."

राजदीपनं डबा घेतला आणि गेला. त्याला गाडी होती.

दोन-तीन दिवसांनी अन्नपूर्णा आली. ही शेजारीण, गोंदियाकडच्या शेतकरी घरातली. बोलायला कुणी तरी लागतं म्हणून सोलायचे वाटाणे घेऊन दुसऱ्याच्या घरी जाणारी. संघमित्राबाई टेबलाशी टिटवी वाचत होती, पुटपुटत.

"तोंडातल्या तोंडात काय वाचून राहिली? मंत्र हाय का? जोरानं वाच."

तिनं जोरानं वाचली. रूळ, गिट्टी, गिट्टीत चार अंडी, जुनी बंद पडलेली लाइन, मग गँगमन. अन्नपूर्णा शेंगा सोलत ऐकत होती. मध्येच थांबली.

"हा गँगमन कुठून आला वो?"

"ड्युटीवर हाय तो."

"कायची ड्युटी? लाइन बंद हाय म्हंते तू. गाडी येत नाई, पटरीले जंग लागला. मंग ह्याले पगार कायचा भेटते?"

संघमित्राबाईंनी पान पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मीनंच आणला त्याले."

"काहून?"

"कोणी तरी यावं म्हणून."

अन्नपूर्णानं दोन वाटाणे तोंडात टाकले. संघमित्राबाईंनी पेन उचललं आणि गँगमन काढून टाकला. त्याची टोपी, त्याचा हातोडा, त्याचं ते 'घाबरू नको गं बाई', सगळं. गोष्ट अर्ध्यावर आली.

"आता?" अन्नपूर्णानं मान लांब करून पाहिलं.

"आता कोणी येत नाई."

"मंग टिटवी काय करन?"

"ओरडन."

"कोणावर?"

"माहीत नाई."

"भैताडच हायेस. हे काय पोट्ट्याईले सांगाची गोष्ट हाय? रडतीन ना पोट्टे."

"रडले तं रडले."

मग तिनं फोन लावला. काचेवरची डाळ नखानं खरवडता खरवडताच बोलली. "वंदनाताई, गँगमन काढला म्या."

"मग अंडी कोण उचलतं?"

"कोणीच नाई."

"आणि शेवट?"

"लिहून राहिलो."

"बाई, मी स्पष्ट बोलते. तोही जमला नाही तर?"

"तं नको छापू. बेकार हाय म्हण, मी ऐकून घेईन. पण समग्र नको काढू. माह्यं संपलं का नाई, ते मी सांगन."

वंदनाताईंनी सुस्कारा सोडला. "बरं. समग्रचा मजकूर छपाईला पाठवत नाही. दिवाळीचा हंगाम जाईल, एवढं लक्षात ठेवा."

"जाऊ दे."

अन्नपूर्णानं फोलपटं पदरात गोळा केली. "चाय मांडू का?"

"मांड. साखर कमी टाक. आन् थोडा वेळ बोलू नको."

"बोलत नाई बाप्पा, बोलत नाई," असं म्हणत, स्वयंपाकघरात जाईपर्यंत बोलतच, ती गेली.

संघमित्राबाईंनी लिहिलं: दुपारी गिट्टी तापली. टिटवी उडाली, मरोद्याच्या तलावावर गेली, पोट भिजवून परत आली आणि अंडी गार करायला ओल्या पोटानं त्यांच्यावर बसली. मग पुन्हा उडाली.

तिनं वाचून पाहिलं. तलाव फार जवळ होत होता, टिटवीचं काम सोपंच होऊन बसत होतं. तिनं तो खोडला आणि आणखी लांब नेला.