पाचवं भोक

गल्लीत त्याला सगळे खातरजमा म्हणत, आणि तेही तोंडावर. पंपांच्या, पंख्यांच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा त्याचा धंदा. हात असा, की त्याने भरलेली मोटार परत आली असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. पण माणूस म्हणजे संशयाचं गाठोडं! दुकानाला कुलूप लावून दहा पावलं जायचा, परत यायचा, ओढून बघायचा, पुन्हा जायचा आणि कोपऱ्यावरून पुन्हा मागे वळायचा. न्हाव्याकडे बसला तरी डोळे आरशातून पाठीमागच्या बाकड्यावर. बायको म्हणायची, लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी माझं नाव तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं. ती हे हसत सांगायची, पण पुरतं हसत नसे.

असल्या माणसाने घरी पवनचक्की बांधायला काढली, तीही संशयापोटीच. दुपारची वीज जायची आणि ती नेमकी आपल्याच गल्लीची मुद्दाम घालवतात, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तांब्याच्या तारेची वेटोळी तो स्वतः भरणार, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. लाकडी पाती मात्र धाकट्या भावाकडूनच करून घ्यावी लागणार होती. धाकटा सुतार होता, एकटा, मागच्या दोन खोल्यांत राहणारा, मोजकं बोलणारा. आणि मोजकं बोलणाऱ्या माणसाबद्दल खातरजमाचा एकच सवाल असायचा, की हा आतल्या आत शिजवतोय तरी काय?

चक्की गच्चीवर लावू म्हटलं, तर धाकटा नको म्हणाला. भिंती थरथरतील, त्यापेक्षा मागच्या अंगणात लोखंडी पाइप उभा करू. बुडाशी बिजागरी ठेवू, म्हणजे वर चढायची भानगड नको, दुरुस्तीला अख्खा खांब दोरीने आडवा निजवता येईल. चार बाजूंनी ताणाच्या तारा आणि प्रत्येक तारेचं टोक काँक्रीटमध्ये. बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर खातरजमाच्या मनात पाल चुकचुकली. अंगणाच्या मधोमध खांब! उद्या हा म्हणणार, खांबापलीकडचं माझं. पण गच्ची खरंच हलली असती, तेव्हा खांब अंगणात उभा राहिला. मग धाकटा म्हणाला, चक्कीखाली कुणी बसू नये, माझं रंध्याचं बाकडं मी पुढच्या ओसरीत घेतो. आज ओसरी, उद्या पुढची खोली! खातरजमाने साफ नाही म्हटलं. बाकडं चक्कीखालीच राहिलं आणि धाकटा मुकाट्याने तिथेच काम करायला लागला.

पाती मात्र त्याने झकास उतरवली. सरळ रेषेचं, गाठ नसलेलं लाकूड, तिन्ही पाती वजनाला सारखी, बुडाशी चार-चार भोकं आणि चार-चार बोल्ट. ती चक्रावर चढवायच्या दिवशी धाकटा बाहेर कामावर गेला होता. खातरजमाने एकेक पातं मांडीवर घेऊन उलटंपालटं केलं. चारच बोल्ट? आणि यानेच मुद्दाम कमी ठेवले असले तर? त्याने ड्रिल उचललं, प्रत्येक पात्याला पाचवं भोक पाडलं, जाडजूड बोल्ट आवळला, वरून रंग फासला आणि मध्यावर पत्र्याची टोपी बसवली. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

मागच्या दाराशी स्विचचा डबा होता. दांडा वर असला की बॅटरी भरते. खाली ओढला की चक्कीतून येणाऱ्या तिन्ही तारा एकत्र जोडल्या जातात आणि चक्की मुंगीच्या पावलाने फिरते. मध्ये ठेवायचा नाही. मोटारीचा स्विच बंद केला की मोटार थांबते, पण हिची तार सोडली तर हिच्यावरचं ओझंच जातं आणि जोराच्या वाऱ्यात ती पिसाळते. हे त्याने धाकट्याला सांगितलं, कारण खांब निजवायला दुसरा माणूस लागतोच. बायकोला फक्त सांगितलं की तू हात लावायचा नाही.

तीन आठवडे सगळं बरं चाललं. मग संध्याकाळी बॅटरी अर्धवट भरलेली दिसायला लागली. खातरजमाने सकाळी दांड्याच्या फटीत काडेपेटीची काडी अडकवून ठेवली. संध्याकाळी दांडा वरच होता आणि काडी डब्याच्या तळाशी पडलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर घरामागे असतो कोण? धाकटा! मागच्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, चक्कीतून फेऱ्यागणिक टक् असा आवाज येतोय. तेव्हा त्याने तिला विचारलं होतं, की हे कान कुणी भरले तुझे? ती जी गप्प झाली, ती झालीच. आता सगळं जुळत होतं. आवाजाचं निमित्त करून याला चक्की काढायची होती आणि अंगण मोकळं करून घ्यायचं होतं.

त्याने गवंड्याला बोलावलं. अंगणाच्या मधून, पुढून मागेपर्यंत, पुरुषभर उंचीची भिंत घालायची ठरवली. सोमवारी काम सुरू होणार होतं. धाकट्याला त्याने अजून सांगितलं नव्हतं. आधी त्याला रंगेहाथ पकडायचं, मग भिंत, आणि मग आयुष्यात पुन्हा तोंड बघायचं नाही. बायकोने हे ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवून ती आत निघून गेली.

शनिवारी दुकानात जातो म्हणून तो निघाला आणि वळसा घालून मागच्या सरपणाच्या खोलीत शिरला. फळीच्या फटीला डोळा लावून दोन तास बसला. धाकटा रंधा मारत होता. मध्येच वहिनीचा वाळत घातलेला टॉवेल खाली पडला, तो त्याने झटकून परत दोरीवर टाकला. डब्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. खातरजमाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

दुपारी वारा वाढला. चक्कीने मागचं पत्र्याचं शेपूट फिरवून वाऱ्याकडे तोंड केलं आणि वेग घेतला. आता त्यालाही ऐकू आलं. टक्. टक्. टक्. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बायको हात पुसत बाहेर आली. तिने वर पाहिलं, कान दिला, डबा उघडला. दांडा मध्ये क्षणभरही न थांबवता सरळ खाली ओढला. पाती रांगायला लागेपर्यंत उभी राहिली. मग उंबऱ्यात स्टूल ओढून, मांडीवर भाजीची परडी घेऊन निवडत बसली.

खातरजमा डोक्याला जळमटं घेऊन बाहेर आला.

"तू?"

"मीच. रोज. तुम्ही यायच्या आधी वर करते."

"मध्ये थांबायचं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही भाऊजींना सांगत होतात, तेव्हा मी इथेच भांडी घासत होते." तिने मान वर केली नाही. "आवाज वाढतोय. खाली माणूस बसलेला असतो. तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात कान कुणी भरले. मग मी काय करायचं होतं?"

दोघा भावांनी दोरी धरून खांब निजवला. धाकट्याने पत्र्याची टोपी काढली, अंगठ्याने रंग खरवडला. एका पात्याला वीतभर लांब चीर गेली होती. धाकट्याने नखाने बोल्ट मोजले. चार मोजून तो थांबला. चीर पाचव्यापासून निघाली होती.

"हे भोक माझं नाही."

खातरजमाच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. तेवढ्यात त्याची नजर बाकड्याकडे गेली. बाकड्यावर धाकट्याचा चष्मा होता, घडी घालून ठेवलेला.

"माझं आहे," तो म्हणाला. "तुझ्या चारांवर माझा विश्वास नव्हता."

धाकट्याने वर पाहिलं, जिथे पातं फिरत असायचं तिथे, आणि मग खाली आपल्या बाकड्याकडे. एक शिवी हासडली असती तरी चाललं असतं. खातरजमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, त्याने बाकड्याचं एक टोक उचललं आणि वाट बघत उभा राहिला. मग धाकट्याने दुसरं टोक उचललं आणि दोघांनी बाकडं पुढच्या ओसरीत नेऊन ठेवलं. गवंड्याला येऊ नको म्हणून निरोप गेला.

तिन्ही पाती नव्याने करायला घेतली, कारण पाचवं भोक तिन्हींना होतं. पंधरा दिवसांनी ओसरीतून हाक आली.

"दादा, भोकं किती पाडू?"

खातरजमाने तोंड उघडलं आणि मिटलं. "तू पाड," तो म्हणाला. "मी बघत नाही." आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायको दारात येऊन बघत होती.

पहिल्या पात्याला ड्रिल चारदा वाजलं. त्याने मोजलं, सवयच ती. पण वळून पाहिलं नाही.