थांबा म्हणजे थांबा

हार्लन कुबिचेकच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे. डावा गुडघा ओमाहात बसवला, उजवा इथे, सॅग्वारो बेंड ह्या निवृत्तांच्या वसाहतीत. दोघांचं आपापसांत पटत नाही. एकाला पाऊस येणार असं वाटतं तेव्हा दुसऱ्याला तसं अजिबात वाटत नाही. आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात जिंकतो अर्थात दुसराच.

अशा गुडघ्यांवर माणसाला धावता येत नाही, वाकता येत नाही. सॉफ्टबॉलच्या संघात त्याला एकच जागा उरते, ती चेंडू टाकणाऱ्याची, म्हणजे पिचरची. पासष्टीच्या वरच्या गटात, पाठीवर कानाच्या यंत्रांच्या दुकानाचं नाव मिरवणाऱ्या संघात, हार्लन चौदा वर्षं ती जागा अडवून होता. रबराच्या पट्टीवर एक पाय ठेवायचा, चेंडू खालून उंच उडवायचा आणि तो बॅटरच्या मागच्या चटईवर टपकन पाडायचा. ह्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती जागा गेली की हार्लन बाकावर, आणि बाकावरून पुढची पायरी म्हणजे घरी बायकोबरोबर, नेडीनबरोबर, टीव्हीवरचा कोडी सोडवायचा कार्यक्रम. त्याला मरणाची एवढी भीती नव्हती.

मग जानेवारीत विल्मा ट्रेडवे अंपायर झाली.

विल्माबाईंनी ओहायोत एकतीस वर्षं गाडीच्या लायसन्सच्या परीक्षा घेतल्या होत्या. स्वतःच्या नवऱ्याला दोनदा नापास केलं, असं आमच्या गल्लीत म्हणतात. तो बिचारा हयात असता तर तीनदा म्हणाला असता. पहिल्याच सामन्यात हार्लनने चेंडू सोडला आणि समोरून आवाज आला, "बेकायदा!" बाईंचा डावा हात सरळ आडवा, रेल्वे फाटकासारखा.

"उंची बरोबर होती, ब्लू!" हार्लन ओरडला. निळ्या शर्टामुळे अंपायरला सगळे ब्लूच म्हणतात, मग आत बाई असो की बुवा. "सहा फुटांच्या वर, बाराच्या खाली!"

"उंचीला कोण काय म्हणतंय? तुम्ही थांबला नाहीत."

"थांबलो की!"

"हळू झालात. हळू होणं म्हणजे थांबणं नव्हे. टाकण्याआधी पूर्ण एक सेकंद चेंडू समोर धरून स्तब्ध. नियम वाचा."

त्या दिवशी हार्लनचे अकरा चेंडू बेकायदा ठरले. बेकायदा चेंडू बॅटरने सोडून दिला तर तो त्याच्या फायद्याचा मोजतात, मारला तर फटक्याच्या धावाही त्याच्याच पदरात. म्हणजे दोन्हीकडून नुकसान हार्लनचंच. संघाचा मॅनेजर रोली एस्पिनोसा जवळ येऊन म्हणाला, "हे बघ म्हाताऱ्या, गुरुवारी उपांत्य सामना. तिथे तीन बेकायदा झाले की मी तुझ्या जागी चेस्टरला आणणार."

चेस्टर बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. त्याने टरफल थुंकलं आणि अत्यंत सहानुभूतीने टोपी सरळ केली.

आता हार्लनची बाजूही समजून घ्यायला हवी. छत्तीस वर्षं त्याने ओमाहात पावाची गाडी चालवली. पहाटे चौऱ्याण्णव दुकानं. गाडी पुरती उभी राहायच्या आत उतरायचं, ट्रे टेकवायचा, गाडी सुटायच्या आत चढायचं. उभ्या जन्मात तो थांबला असेल तर एकदा, लग्नात, आणि तेही पाद्रीबुवांनी प्रश्न दोनदा विचारला म्हणून.

"बावन्न वर्षं सांगतेय, थांब म्हणून," नेडीन म्हणाली. "माझं ऐकलं नाहीस. आता त्या ओहायोवालीचं ऐकशील."

तिने अंगणात खुर्ची टाकली. हार्लनने झाडाची ग्रेपफ्रूट तोडली आणि छपराच्या तुळईवरून पलीकडे उडवायला लागला. नेडीनच्या हातात लाकडी डाव.

"बेकायदा."

"आता काय झालं?"

"मिसिसिपी म्हण. एक सेकंद मोजायचा तर लहान पोरंसुद्धा लपाछपीत 'एक मिसिसिपी' म्हणतात. तेवढं म्हण आणि मग टाक."

हार्लनने चेंडू, म्हणजे फळ, समोर धरलं. "मिस्पी!" आणि फळ गेलं.

"मिस्पी काय, मिस्पी? अख्खी नदी आहे ती, हार्लन! तुझ्या तोंडात आली की ओढा होतो."

बुधवार संध्याकाळपर्यंत शेजारच्यांच्या अंगणात एकतीस ग्रेपफ्रूट पडली होती आणि नदीला बऱ्यापैकी पाणी आलं होतं. अडचण एकच. मनात म्हटलं की तिचा पुन्हा ओढा व्हायचा. मोठ्याने म्हटलं तरच ती पुरी वाहायची.

गुरुवारी सकाळी आठला मैदानावर पहिला चेंडू हातात घेऊन हार्लन गर्जला, "मिसिसिपी!" आणि टाकला. विल्माबाईंचा डावा हात खालीच. नेडीनने लाकडी डाव उंचावला, तो तिने घरून आणला होता. तीन डाव सगळं सुरळीत चाललं. बोलू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, बाईंनी वहीत बघितलं.

चौथ्या डावात समोरच्या संघातल्या गस पेनहेलच्या लक्षात आलं, की 'पी' म्हटलं की चेंडू सुटतो. गस हा ब्याऐंशीचा, आवाज भोंग्याचा. मग काय, समोरचा सगळा बाक हार्लनबरोबर सुरात म्हणायला लागला, "मिसिसि...पी!" आणि 'पी'ला बॅट फिरायला लागली. फटक्यावर फटके. घाबरून हार्लनने नदी घाईने आवरली, की विल्माबाईंचं "बेकायदा!" पुन्हा एकदा, "बेकायदा!" दोन झाले. चेस्टरने बियांची पिशवी बंद केली आणि हातमोजा चढवला.

शेवटचा डाव. हार्लनचा संघ एका धावेने पुढे, समोरच्यांचे दोघे बाद, तिसरा गेला की सामना खिशात, पण त्यांचा एकजण तिसऱ्या बेसवर, बरोबरीपासून एकच टप्पा दूर, आणि बॅटला खुद्द गस. त्याच्या नावावर दोन स्ट्राइक, म्हणजे न मारता आणखी एक चेंडू चटईवर पडला की तो बाद.

"काय रे पाववाल्या," गस म्हणाला, "आज ताजं काय आहे?"

हार्लनने त्याच्याकडे बघितलंच नाही. "ब्लू, कमीत कमी एक सेकंद थांबायचं. जास्तीत जास्त किती?"

"दहा," विल्माबाई म्हणाल्या.

"दहा," हार्लन स्वतःशी म्हणाला. त्याने पाय पट्टीवर ठेवला, चेंडू समोर धरला आणि म्हणाला, "मिसिसिपी."

"...पी!" बाक ओरडला. गसची बॅट अर्धी निघाली आणि परत गेली. चेंडू हार्लनच्या हातातच होता.

दोन्ही गुडघे, आयुष्यात पहिल्यांदा एकमताने, चल चल म्हणत होते. खुर्चीत नेडीनचे ओठ हलत होते, दोन मिसिसिपी, तीन मिसिसिपी. हार्लन तिच्या ओठांवर नजर लावून उभा राहिला. चार. विल्माबाईंचा डावा हात वर आला... आणि त्यांनी चष्मा सारखा केला. रोलीने डोळे मिटून घेतले. पाच.

"झोपला की काय हा?" गस. सहा.

"हार्लन, बरा आहेस ना?" हे गसने खऱ्या काळजीने विचारलं, ह्या वयात विचारावं लागतं. सात.

"ब्लू, बघा तरी, त्याला काही झालंय..." म्हणत गसने मान मागे वळवली.

आठ. हार्लनने चेंडू सोडला. तो वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि गस अंपायरशी बोलत असतानाच त्याच्या मागे चटईवर टपकन बसला.

विल्माबाईंनी हात वर केला. उजवा.

"तुम्ही बाद," त्या गसला म्हणाल्या. "आणि तो ठणठणीत आहे."

चेस्टरने हातमोजा काढून बियांची पिशवी पुन्हा उघडली.

घरी जाताना हार्लन इथे सगळेच चालवतात ती गोल्फची छोटी गाडी चालवत होता, नेडीन शेजारी, डाव मांडीवर. खुशीत तो शीळ घालत होता. कोपऱ्यावर थांब्याची लाल पाटी आली. गाडी जराशी हळू झाली आणि तशीच पुढे सरकली.

मागच्या गाडीतून हॉर्न वाजला.

"कुबिचेक!" विल्माबाईंचा आवाज आला. "नदी!"

हार्लनने ब्रेक दाबला. चौकाच्या बरोब्बर मधोमध गाडी उभी करून, चारही बाजूंची वाहनं खोळंबवून, तो मोठ्याने म्हणाला, "मिसिसिपी."