पहिल्या धुण्याचं पाणी

सेलिना, तू सातवीत शाळा सोडलीस आणि मी रसायनशास्त्राची पदवी घेतली. तरी वाकोल्याच्या आपल्या गावठाणात चर्चच्या वेदीवरचे रुमाल चाळीस वर्षं धुवायला जायचे ते तुझ्याच घरी. हे मला सलत आलंय. सत्तरी ओलांडली, आता लिहूनच टाकते.

तुझ्या आईच्या वेळी सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायचे, मग निळीचा हात फिरवायचा. तू तिच्या शेजारी बसून शिकलीस. पुढे पिवळ्या साबणाच्या वड्या आल्या, निळी पावडर आली, मशीन आलं. प्रत्येक नवी वस्तू आधी माझ्या घरात आली. तू मागून, सावकाश, एखाद्या फडक्याच्या कोपऱ्यावर चिमूटभर घासून बघणार आणि मगच घेणार. फुलांच्या वासाचं लिक्विड दाखवायला आणलं तर म्हणालीस, "वास कशाला गं पेट्रिशिया? कापड काय लग्नाला चाललंय?" नळावरच्या बायका हसल्या. आणि दोरीवर तुझेच कपडे माझ्यापेक्षा पांढरे.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फादरनी रुमालांचं गाठोडं माझ्याकडे दिलं. तू पलंगावरून बजावलंस, "पहिलं पाणी गटारात नाही हं. क्रुसाजवळच्या मोगऱ्याला घाल." जणू मला ठाऊकच नाही. रुमालावर प्रसादाचा कण राहतो, म्हणून पहिलं पाणी मातीत जायला हवं, हे सगळं गावठाण जाणतं.

मला रुमाल तुझ्यापेक्षा पांढरे हवे होते. पहिल्याच बादलीत अर्धी बाटली ब्लीच ओतलं. रुमाल असे निघाले की डोळे दिपावेत. मग रीत म्हणून ती बादली नेऊन मोगऱ्याच्या मुळाशी रिकामी केली. पदवी कुठे गेली होती त्या वेळी, मला विचारू नकोस.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर आपल्या नळावरची व्हॅलेन्सिया म्हणाली, "झकास गं. अगदी सेलिनाच्या हातचे वाटतात." म्हणजे शाबासकीही तुलाच.

आठवड्याभरात मोगरा करपला. तुझ्या आईने लावलेला. तू वॉकर टेकत आलीस, फांदी मोडून बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस.

"पहिल्याच पाण्यात घातलंस?"

"काय?"

"काही नाही."

तेवढ्यात व्हॅलेन्सिया आली. तू तिला सांगितलंस, "मुळाला हुमणीची अळी लागली असेल." क्रुसासमोर उभी राहून खोटं बोललीस, तेही माझ्यासाठी. त्याच दिवशी फादरना म्हणालीस, "माझा गुडघा काही बसू देत नाही. रुमाल पेट्रिशियाकडेच राहू द्या. तिचे पांढरे निघतात."

चाळीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळालं ते तुझ्या हातून. त्याचा मला जास्त राग आहे.

निघताना हळूच म्हणालीस, "आरेच्या नर्सरीतून मोगऱ्याचं रोप आण. तूच लाव."

दोनदा पिशवी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले. पण मी खड्डा खणत असताना तू शेजारी उभी राहशील, लोक विचारतील आणि तू पुन्हा मला वाचवशील. दोन्ही वेळा आलेली बस सोडून दिली. दर शनिवारी रुमालांचं पहिलं पाणी, आता ब्लीचशिवाय, क्रुसाजवळच्या मोकळ्या मातीत ओतते. रोप अजून आणलेलं नाही.