सोनं घ्या

कामशेतला माझी स्कूटर ज्या मिस्त्रींकडे असते, त्यांच्या गॅरेजात काचेच्या कपाटात जुने जपानी रोबो आहेत. पत्र्याचे, चावीचे, एकाच्या छातीत लाल दिवा. कुठल्या कुठल्या जुन्या बाजारांतून त्यांनी ते हुडकून आणलेत. त्यांना हात लावण्याआधी मिस्त्री आपले हात रॉकेलनं आणि मग साबणानं धुतात. मी नुसतं बोट पुढं केलं तरी म्हणतात, "न्हाई न्हाई, जपानी हाय. जपायचं असतं."

दसऱ्याला गेलो, तर पाने-पकडींची पूजा मांडलेली आणि मधोमध सगळ्यात जुना रोबो. मिस्त्रींनी त्याच्या कपाळावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. माझाच जीव वरखाली झाला.

"अहो, रंग जाईल त्याचा! ते खेळणं आहे, अवजार नाही."

"व्हय?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मलाच खात्री वाटेना.

मग आपट्याचं एक पान त्यांनी माझ्या हातात दिलं, एक रोबोच्या मुठीत खोचलं आणि हात जोडले. "सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा."

त्यांची नजर मी आणि रोबो यांच्या मधे कुठंतरी होती. "तुम्हीपण," असं मी म्हणालो खरा. पण माझ्या वाटणीचं होतं का ते, कुणास ठाऊक.