भोजराजचा माफीनामा

हे मी कोणालाच सांगितलं नाही. मुलीला नाही, देवकाच्या भावांना नाही. देवका माझी बायको — तिला जाऊन तिसरं वर्ष लागलं. तेरवीच्या पंगतीत जो तो म्हणत होता, त्या भोजराजनं मारली बाईला. मी मान हलवत होतो. नुसती मान. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं?

मी चौथी शिकलो. लिहिताना हात अडते. पण ही गोष्ट दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नाही.

केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. भोजराज गावात पोरांच्या शिकवण्या घ्यायचा अन् फोनवर ब्लॉग लिहायचा. आम्हाला आधी समजतच नव्हतं ब्लॉग काय असते — पेपर नाही, छापखाना नाही, एकटा माणूस खाटेवर बसून लिहिते अन् सारा तालुका वाचते! नाल्यावरचा पूल खचला, त्यानं लिहिलं, आठ दिवसांत मुरूम पडला. दवाखान्याला कुलूप राहते म्हणून लिहिलं, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा. साहेब लोक सरपंचाला कमी अन् त्याला जास्त भ्यायचे. पानठेल्यावर माणसं फोन पुढं करायची, "वाच बापा, भोजूनं आज कोणाची उतरवली!"

एक दिवस माझ्या घरची उतरली.

देवका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. भोजराजनं लिहिलं — शाळेच्या कोठीतून तांदूळ बाहेर जाऊन राहिला अन् पोरांच्या ताटात पाणी येऊन राहिलं. नाव कोणाचंच नव्हतं. पण कोठीची चाबी एकाच बाईपाशी असते, मग नाव लिहायचं राहिलं काय? चौकशी आली. तिचं काम गेलं. बोरिंगवर बाया तिला पाहून बाजूला सरायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काऊन वो देवकाबाई, आमच्या लेकरायचा घास पचला का?" देवका पाण्याचा गुंड भरून घरी आली. त्यानंतर तिचं जेवण तुटलं. पुढच्या धानाच्या रोवण्याच्या आधी गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. असंल.

मला रडू आलं नाही. मला भोजराज पाहिजे होता.

हेडमास्तर धावून आला — त्याच्यावरही भोजराजनं दोनदा लिहिलं होतं. त्यानंच वकील दाखवला. वकील म्हणाला, बदनामी होते ही. नाव घेतलं नाही तरी होते, गावाला कळलं ना कोण ते? अन् बाई नसली तरी नवरा केस टाकू शकते. टाकली. तारखेच्या दिवशी मी दाढी करायचो, धुतलेलं धोतर नेसायचो. भोजराज कोर्टाच्या भिंतीला टेकून उभा दिसला की असं वाटायचं — कसं सांगू? आंगात जीव यायचा. माझ्या स्वतःच्या वरातीतही मी इतका खूश नव्हतो.

माझ्या वकिलानं त्याला विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, नाव सांगणार नाही, शब्द दिला आहे. वकील हसला. म्हणाला, "तू पत्रकार आहेस का? कार्ड दाखव." कार्ड कुठून दाखवंल तो? त्याच्यामागे ना पेपर, ना मालक. ब्लॉगवाल्याच्या शब्दाला कोर्टात कोण पुसते?

मग मी उभा राहिलो. शपथ घेतली. माझ्या देवकानं एक दाणा घरी आणला नाही, म्हणालो. हे खरं होतं. भोजराजच्या वकिलानं विचारलं, मग तांदूळ नेला कोणी?

"मले का मालूम?"

मालूम होतं. तांदूळ मी नेला होता.

दुपारी देवका धुणं घेऊन तलावावर जायची. चाबी घरी खुंटीला. ती घेऊन शाळेमागची कोठी उघडायचो. तांदळाची एक चुंगडी सायकलच्या कॅरिअरवर बांधायचो, वरून गवताचा भारा. गावाबाहेर मोहाची दारू मिळायची, तिथं तांदूळ द्यायचो अन् प्यायचो. घरी खायला कमी होतं? नव्हतं. पुरा हिवाळा नेला. तांदूळ घटला की ती खिचडीत पाणी वाढवायची — मला एका शब्दानं बोलली नाही.

बोलली ती काम गेल्यावर. सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्याच सांगतलं भोजूले. म्हटलं, लिहून आलं तं हेडमास्तर चाबी सोतापाशी ठेवन, अन् तुमचा हात थांबन."

मी तिचे पाय धरले असतील, असं तुम्हाला वाटते? मी विचारलं, घरची गोष्ट परक्याला कायले सांगितली? अन् मी — चोर मी — चार दिवस तिच्याशी अबोला धरला. तिनं मला नाही सांगितलं, त्याला सांगितलं. तो काटा तेव्हा जो रुतला, तो तिच्या चितेपाशीही रुतूनच होता.

म्हणजे कोर्टात तो नाव गिळून उभा होता तेव्हा मला ठाऊक होतं, कोणाचं नाव गिळून राहिला. माझ्याच बायकोचं. मी एक शब्द बोललो असतो तर तो सुटला असता.

आपसात मिटवायची गोष्ट निघाली. भोजराज कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर माझ्यापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, काकीनं मले सारंच सांगतलं होतं. सायकलचंही. तुमचं नाव येऊ देऊ नको म्हणून माझा हात धरून रडली. म्या नाही येऊ देलं. आता मले मोकळं करा. माय घाबरली माझी."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं! माझ्या गवताच्या भाऱ्याखाली काय आहे हे त्याला माहीत होतं, अन् तो मला काकाजी म्हणून राहिला होता. मी चहा पुरा प्यालो. कप ठेवला. वकिलाला जाऊन माझी अट सांगितली — माफी त्याच ब्लॉगवर पाहिजे, देवकाच्या नावानिशी, 'मी खोटं लिहिलं' या शब्दांत. अन् ते त्याचं शेवटचं लिहिणं.

त्यानं लिहिलं. स्वतःच्या हातानं स्वतःला खोटारडा लिहिणाऱ्या मास्तरापाशी कोण लेकरं धाडते? शिकवण्या बंद पडल्या. आता सौंदडला कोणाच्या तरी दुकानात झेरॉक्स काढते. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. रेशनकार्डाची झेरॉक्स काढून घेतली. त्यानं पाण्याचा गिलास पुढं केला. मी घेतला नाही.

पूल पुन्हा खचला. त्यावर कोणी लिहीत नाही.

माफीनामा फोनवर अजून आहे. मी चष्मा लावून, अक्षर जुळवत वाचतो. 'देवकाबाईच्या शाळेतल्या तांदळाबद्दल मी लिहिलेलं सारं खोटं होतं.' खाली त्याचं नाव. एक डाव वाचून मन भरत नाही. दुसऱ्यांदा वाचतो. मग मला बरं वाटते.

आज सकाळीही वाटलं.