सासूबाईंच्या हातचे सांडगे

मैत्रिणींनो, सासूबाईंना जाऊन आज सहा दिवस झाले. घरात सुतक, म्हणून सकाळी स्टेटस टाकलं, "सांडगे घालणारा हात गेला. सध्या ऑर्डर बंद."

घंट्याभरात पुण्याच्या एका गिऱ्हाईक ताईंचा फोन आला. "अंगठ्यानं दाबलेले सांडगे घालायच्या, त्याच ना?" इतकं म्हणल्या अन् रडायलाच लागल्या.

आधी जुन्या जालन्यातल्या दुकानाला माल द्यायचो, तेव्हा पाकिटावर दुकानाचं नाव असायचं. सासूबाईंना कुणी ओळखत नव्हतं. व्हॉट्सॲपवर सासूबाईंचे सांडगे घालतानाचे फोटो टाकून थेट विकायला लागलो, मंग गावोगावी त्यांची माणसं झाली.

त्यांना मात्र ते खरं वाटलंच न्हाई. म्हणायच्या, "फोटो पाहून कुणी जीव लावतं का बाई?"

डब्यात त्यांच्या हातचे मूठभर सांडगे उरलेत. पुण्याच्या ताई तेच मागून राह्यल्या. सांगा, देऊ का ठेवू?